पूजा केलेली बंदूक

माझं शुद्धलेखन चुकतं. ऱ्हस्व-दीर्घ मला कधी जमलं नाही, आणि अक्षर तर कोंबडीने उकरल्यासारखं आहे. आधीच माफी मागते. चौथीनंतर शाळा सुटली, कारण वडिलांचा मेंढ्यांचा कळप दिवाळीनंतर कोकणात उतरायचा आणि कळपामागे आम्ही पोरं. ही वही नातीची. पहिली चार पानं रंगवून तिने टाकून दिली होती. कुणाला दाखवायला लिहीत नाही. बोलता आलं नाही ते कुठेतरी ठेवावं, एवढंच.

मी अमेरिकेत फ्रीमाँटला मुलीकडे राहते. नात सहा महिन्यांची होती तेव्हा आले, आता ती शाळेत जाते. नवरा एसटीत मेकॅनिक होता. तो गेला त्याच वर्षी मुलीने तिकीट पाठवलं. "आई, सहा महिने ये," म्हणाली. मग माझं ग्रीन कार्ड झालं आणि ते सहा महिने संपलेच नाहीत. मुलीवर राग नाही. पण मला परत जायचं होतं. गावी थोरली बहीण एकटी असते, तिच्याजवळ राहायचं होतं. येताना मुलीच्या पैशाने आले, जाताना आपल्या पैशाने जायचं, असं ठरवलं होतं. म्हणून पोळ्या लाटत होते. आसपास एकटी राहणारी नोकरीवाली पोरं शनिवारी येऊन पाकिटं नेतात. "मावशी, माझ्या तीस." "मावशी, या वेळी जाड झाल्यात हं." चार वर्षं लाटल्या. मनगटं दुखून सकाळी चहाचा कप धरवत नव्हता. पण तिकिटाचे आणि गावी दोन वर्षं कुणापुढे हात न पसरता राहता येईल एवढे पैसे डब्यात जमले. आता सांगायचं, असं रोज म्हणायची आणि रोज गप्प बसायची.

मुलगी शिकार करते. तिच्या ऑफिसात एक गोरी बाई होती, आता निवृत्त झाली, तिच्यामुळे हा नाद लागला. आधी रानडुकरं, मग हरीण. डोंगरातल्या रानमेंढ्यांच्या शिकारीचा परवाना मात्र मागून मिळत नाही. दरवर्षी सोडत निघते, हजारो लोक नावं घालतात, आणि कॅलिफोर्नियात लागला तर जन्मात एकदाच. ती गोरी बाई तीस वर्षं नाव घालतेय, तिला लागला नाही. माझ्या मुलीला सहाव्या वर्षी लागला.

"आई, टॅग लागला!" ती ओरडली. हातातली पोळी तव्यावर करपली.

जावई पुण्याचा, अंडंसुद्धा खात नाही. तो म्हणाला, "म्हणजे आता डोंगर चढून मेंढी मारायची. खाली दुकानात कापलेली मिळते."

"मेंढी नाही, रॅम. एडका," ती म्हणाली. "आणि तू नको ना खाऊस."

मला विचित्र वाटलं. मी ज्यांना लांडग्यापासून राखलं त्यांना मारायला माझी लेक निघाली. तसं बोलले तर म्हणाली, "आई, या तुझ्या मेंढ्या नाहीत. या कड्यावर उभ्या राहतात, माणूस दिसला की अर्धा डोंगर पलीकडे." आमच्याकडेही एडका कापायचेच की.

महिन्याभरात तिची नोकरी गेली. अर्ध्या टीमची गेली. घराचे हप्ते जावयाच्या पगारावर आले. तिच्याकडे त्या बाईने दिलेली जुनी बंदूक होती, लाकडी दस्त्याची. पाठीवर पिशवी आणि ही बंदूक घेऊन ती घरामागची टेकडी चढून यायची सवय करू लागली. परत आली की गुडघा धरून जिन्यावरच बसायची. एके दिवशी मी ती बंदूक माझ्या पिठाच्या काट्यावर ठेवली. दुर्बिणीसकट सव्वाचार किलो. लहानपणी नवं जन्मलेलं कोकरू घोंगडीत घालून मी घाट चढलेय. तेही एवढंच असतं. पहिल्या तासाला त्याचं वजन कळत नाही. तिसऱ्या तासाला कोकरू नको आणि घाट नको असं होतं.

मी डबा आणून तिच्यापुढे ठेवला. "हलकी घे," म्हटलं.

"नको आई. हे तुझे आहेत."

"नोकरी लागली की दे."

कशासाठी जमवले होते हे मी सांगितलं नाही. तिनेही विचारलं नाही. पण डब्यावर हात ठेवून ती बराच वेळ बसली, त्यावरून मला वाटलं की तिला ठाऊक असावं.

मग घरात दोन महिने दुसरा विषय नव्हता. बंदूक किती वजनाची आणि गोळी किती मोठी. गोळीच्या मापाला कॅलिबर म्हणतात. मुलीला मध्यम मापाची, साडेसहा मिलिमीटरची घ्यायची होती. एडका काही रेड्यासारखा दणकट नसतो, नेम बरोबर लागला तर ती पुरते, म्हणायची. शेजारी नागपूरचे एक काका राहतात. रविवारी चहाला येतात आणि जेवून जातात. ते रेंजवर नेम मारायला जायचे, म्हणून त्यांचा शब्द मोठा.

"अगं पोरी, जन्मात एकदाच संधी आहे. तिथं काय छर्रे उडवणार का? तीनशे मॅग्नम घे. दरीच्या पलीकडून मारलं तरी उभा राह्यला नाही पाहिजे."

"काका, धक्का बसतो हो त्याचा."

"धक्का तर लग्नातपण बसतो. सवय होते."

जावई हसला. दुकानातही तेच झालं. मीही गेले होते, नातीला घेऊन. दुकानदार सगळं जावयाला समजावत होता. बिचारा कानकोंडा होऊन म्हणाला, "मला नका सांगू, मी व्हेजिटेरियन आहे." दुकानदारानेही मोठ्या गोळीची मॅग्नमच पुढे केली. भिंतीवरची सगळ्यात हलकी होती, दस्ता कार्बनचा, नुसती अडीच किलोसुद्धा नाही. मुलीने उचलली आणि तिचा चेहरा उजळला. महिनाभर दुखणाऱ्या गुडघ्याने तो निर्णय घेतला असं मला आता वाटतं. हलकी बंदूक आणि मोठी गोळी म्हणजे सगळा धक्का खांद्यावर, हे तिला पाठ होतं. तरी घेतली. माझे पैसे होते, सगळे सांगत होते, तिनं मान डोलावली. इथे बंदूक लगेच हातात देत नाहीत, दहा दिवस थांबावं लागतं. त्या दहा दिवसांत एकदा तरी विचार बदलायला हवा होता. मीही काही बोलले नाही. मला काय कळतं, म्हणून.

घरी आणल्यावर दुर्बीण, पट्टा आणि गोळ्या धरून काट्यावर सव्वातीन किलो भरली. "दुकानात नुसती नळी उचलून आनंद झाला होय," जावई म्हणाला. ती चिडली.

खंडेनवमी आली. आमच्याकडे त्या दिवशी हत्यारांची पूजा. माहेरी कुऱ्हाड, विळा, मेंढ्यांची लोकर कातरायची कात्री पाटावर मांडायचे. सासरी नवरा पाने-पक्कड मांडायचा. इथे दरवर्षी मी लाटणं, तवा आणि तिचा लॅपटॉप मांडते. त्या वर्षी लॅपटॉप कंपनीने परत घेतला होता, म्हणून बंदूकच मांडली. तिने ती रिकामी करून, बोल्ट काढून दिली. मी हळद-कुंकू लावलं, झेंडू वाहिला, निरांजन ओवाळलं. ती हात जोडून उभी होती, एक शब्द बोलली नाही. मला वाटलं, भक्ती आहे.

चार दिवसांनी तिच्या केसांना तेल लावायला बसले. मानेवरून टी-शर्ट जरा सरकवला आणि हात थांबला. उजवा खांदा काळानिळा. मधे पिवळा, कडेने जांभळा. भुवईवर बारीक चीरही होती, ती केसांनी झाकत होती. धक्क्याने दुर्बीण लागली होती.

"हे काय गं?"

"काही नाही."

"बंदुकीनं?"

मग ती रडायला लागली. नोकरी गेली तेव्हा रडली नव्हती. म्हणाली, "आई, मला नाही मारता येत ती. बार काढायच्या आधीच डोळे मिटतात. दहातले सात बाहेर जातात. असा नेम घेऊन मी कुठल्या प्राण्यावर झाडू? जखमी होऊन कड्याखाली जाईल तो."

"मग बदल की."

"कशी बदलू? तुझे पैसे आहेत. आणि तू पूजा केलीस. तूच सांगायचीस ना, पुजलेलं हत्यार विकायचं नसतं?"

सांगायचे खरं. माझी आई सांगायची, म्हणून मी सांगायचे. वडिलांनी कर्जात मेंढ्या विकल्या पण कुऱ्हाड विकली नाही, ही गोष्ट मी तिला लहानपणी कितीदा ऐकवली होती. माझ्या पोळ्यांच्या पैशासाठी आणि माझ्या कुंकवासाठी ही मुलगी महिनाभर खांदा फोडून घेत होती आणि मी निरांजन ओवाळत होते. मला फार थकल्यासारखं झालं. तेलाची वाटी खाली ठेवली.

"पूजा मी केली ना? मग विकायचंही मीच सांगते," मी म्हटलं. "चूक झाली तर देव मला विचारेल. तुझा खांदा काही विचारणार नाही."

एकदा नेलेली बंदूक दुकान परत घेत नाही, जुनी म्हणून विकत घेतं. दस्त्याच्या जोडात कुंकू बसलं होतं, मी ओल्या फडक्याने पुसलं तर ते आणखी आत गेलं. दुकानदाराने नखाने खरवडून पाहिलं. हे काय, म्हणून विचारलं.

"आशीर्वाद," मुलगी इंग्रजीत म्हणाली.

त्याचे त्याने पैसे कापले. पाव भाग पैसे तिथेच गेले. माझं तिकीट तिथेच गेलं, असं मनात आलं. लाज वाटली, पण आलं.

या वेळी तिने कुणाला विचारलं नाही. एक वापरलेली निवडली, साडेसहा मिलिमीटरची, सगळं धरून साडेतीन किलोची. पहिलीपेक्षा पाव किलो जड. "आई, जरा धर," म्हणाली. दुकानात सगळ्यांसमोर बंदूक धरायला मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण धरली. मधोमध तोललेली होती. पुढे झुकत नव्हती, मागे ओढत नव्हती. कोकराला पोटाखालून हात घालून नीट धरलं की ते जड लागत नाही, तशी. "ही," मी म्हटलं. आयुष्यात दुकानदारासमोर एवढं ठामपणे मी कधी बोलले नव्हते. या बंदुकीला मी कुंकू लावलं नाही. लांबून हात जोडले.

रेंजवरून आली की मी तिचा खांदा बघायची. कोरा. दहातले नऊ आत, कधी दहा. गोळ्या तांब्याच्या. शिशाच्या इथे चालत नाहीत, मेलेल्या जनावराचं उरलेलं गिधाडं खातात आणि त्यांना शिशाची बाधा होते. ते मला बरं वाटलं, गिधाडाचाही विचार कुणी करतं म्हणून.

डिसेंबरात ती आणि ती गोरी बाई दक्षिणेला वाळवंटातल्या डोंगरात गेल्या. नऊ दिवस. फोन लागत नव्हता. मी पोळ्या लाटल्या, नातीला शाळेत सोडलं, आणलं. ती विचारायची, "आजी, व्हेन इज मॉम कमिंग?" जावई रात्री भांडी घासायचा आणि घड्याळ बघायचा. चिडवायला कुणी नव्हतं, म्हणून तोही गप्प.

दहाव्या दिवशी आली. ओठ फुटलेले, हातांना काटे लागलेले. शीतपेटीत मांस. सातव्या दिवशी म्हातारा एडका सापडला होता, दरीच्या पलीकडे. दोन तास ती दगडावर पालथी पडून वारा पडायची वाट बघत होती.

"किती गोळ्या लागल्या?" काकांनी विचारलं.

"एक."

"त्याला कळलं का?" मी विचारलं.

"नाही, आई. उभा होता तिथेच बसला."

मी मांस शिजवलं. गवताचा, कोरड्या रानाचा वास येत होता. काका तीनदा वाढून घेत म्हणाले, "मी म्हणतच होतो, छोटी गोळी पुरते." जावयाने दारं-खिडक्या उघडल्या.

मार्चमध्ये तिला नोकरी लागली, सनीव्हेलला. त्यानंतर दर पगाराला ती डब्यात पैसे ठेवायची. मी मागितलं नाही. विकण्यात गेलेला पाव भागही तिने धरला. नको म्हटलं तर ऐकलं नाही. ऑगस्टपर्यंत शंभर डॉलर सोडून सगळे आले. मग थांबले. सप्टेंबर गेला, ऑक्टोबर गेला. शंभर डॉलर तिला जड नव्हते. एवढ्यात तर आम्ही एकदा बाहेर जेवतो. मीही विचारलं नाही, तिनेही विषय काढला नाही. खंडेनवमीला मी लाटणं, तवा आणि नवा लॅपटॉप मांडला.

काल ती ऑफिसातून लवकर आली. मी कणीक मळत होते. डबा ओट्यावर घेतला, पाकिटातून वीस-वीसच्या पाच नोटा काढल्या, एकेक करून आत ठेवल्या आणि झाकण लावलं. हात माझ्या हातावर ठेवला, पिठासकट.

"गावी मावशी वाट बघत असेल," म्हणाली. "सगळे दिले, आई. आता काही राहिलं नाही."