गुरुवारी केलेली यादी

तळवड्याच्या आयटी पार्कात मी नेमकं काय करते हे माझ्या सासूबाईंना अजून समजलेलं नाही. मध्यंतरी दोन आठवडे ते मलाही समजत नव्हतं, आणि न समजण्याचा मला भयंकर राग येतो.

आमची कंपनी छोटी. चाकणच्या एका प्रेस शॉपचं, म्हणजे पत्रा दाबून गाड्यांचे सुटे भाग काढणाऱ्या कारखान्याचं, सॉफ्टवेअर आम्ही सांभाळतो. त्यात बरेच छोटे छोटे प्रोग्राम आहेत. एक माल मोजतो, एक लेबलं छापतो, एक तपासणीचा निकाल ठेवतो, एक गेटपास देतो. प्रत्येक जण आपापल्या कंटेनरमध्ये, म्हणजे सॉफ्टवेअरच्या वेगळ्या कप्प्यात, आणि सगळे कंटेनर एका क्लस्टरवर, म्हणजे एकत्र जोडलेल्या कॉम्प्युटरांवर, चालतात. दिवसभर ते एकमेकांशी बोलत असतात. कोणीही कोणाशीही.

कारखान्याच्या एका मोठ्या ग्राहकाला हेच खटकलं. त्यांचे ऑडिटवाले म्हणाले, उद्या कोणी एका प्रोग्राममध्ये घुसलं तर बाकीचे सगळे त्याला मोकळेच आहेत. कोणी कोणाशी बोलायचं याची यादी करा आणि यादीबाहेरचं सगळं बंद करा. याला नेटवर्क पॉलिसी म्हणतात. काम अर्थातच माझ्या गळ्यात पडलं.

आता यादी करायची तर आधी ऐकायला हवं. कोण कोणाशी बोलतंय हे टिपणारं टूल लावलं की क्लस्टरवर ताण येतो, म्हणून मी ते गुरुवारी लावलं. आमच्या पट्ट्यात कारखान्यांची सुट्टी गुरुवारी असते. मशिनं बंद, फक्त मेंटेनन्सची माणसं कामावर. त्यामुळे ज्या कामात काही बिघडायची भीती असते ते काम आम्ही वर्षानुवर्षं गुरुवारीच करत आलोय. मेंटेनन्सवाले लेबलं छापून बघत होते, गेटपास काढून बघत होते, सगळी बोलणी माझ्या वहीत उतरत होती. दोन गुरुवार ऐकलं, तिसऱ्या गुरुवारी पॉलिसी लावली. स्क्रीन हिरवीगार. मॅनेजरांनी शाबासकी दिली आणि मी पिंपळे सौदागरला घरी जाताना जिलबी नेली.

पुढच्या मंगळवारी त्या ग्राहकाने अख्खा ट्रक परत पाठवला. ब्रॅकेटची भोकं चुकली होती. तपासणीत तो लॉट नापास झाला होता, तशी नोंदही होती, तरी माल गेटबाहेर गेला होता. लॉट नापास झाला की तपासणीचा प्रोग्राम गेटपासच्या प्रोग्रामला कळवतो आणि माल रवाना करणाऱ्या डिस्पॅचच्या स्क्रीनवर लाल अक्षरांत होल्ड, म्हणजे माल थांबवा असा निरोप, येतो. डिस्पॅचचे सुपरवायझर म्हणत होते, होल्ड आलाच नाही.

त्यांना सगळे काकाच म्हणायचे. तिथल्याच गावचे. जमीन कारखान्यात गेली तेव्हा मिळालेली नोकरी, निवृत्तीला काही महिने उरलेले. होल्ड दिसत असताना माल सोडला असं ठरलं असतं तर काकांना घरी पाठवणार होते. चौकशी लागली आणि सगळं एका प्रश्नाशी येऊन अडलं, होल्ड आला होता की नाही. उत्तर द्यायचं होतं मी.

मी बघितलं. तपासणीच्या प्रोग्रामच्या नोंदीत लिहिलं होतं, होल्ड पाठवला. गेटपासचा प्रोग्राम ठणठणीत चालू. कुठेही एरर नाही. मी स्वतः टेस्टिंगच्या कंटेनरमधून एक खोटा होल्ड पाठवला, तो लगेच पोचला. परत पाठवला, परत पोचला. मग काका असं का म्हणतात? डोक्याचा नुसता भुगा झाला. घरी कुकरच्या शिट्ट्या मोजायला विसरले, भाताचा गिचका झाला, नवऱ्यावर उगाच ओरडले. तीन दिवस असे काढले आणि शेवटी लिहून दिलं, यंत्रणेत दोष आढळला नाही. लिहिताना मला बरं वाटलं नव्हतं, हे आता म्हणून काय उपयोग?

त्यानंतरच्या मंगळवारी काकांचा फोन आला. मला वाटलं, भांडतील. भांडले असते तर सोपं गेलं असतं. निकाल लागेपर्यंत ते कामावर होते, पण आता प्रत्येक लॉट गेटवर दुसरा माणूस पुन्हा तपासून सोडत होता. ते अगदी हळू म्हणाले, "ताई, आठवडा झाला, एकबी होल्ड न्हाई दिसला. आमचा माल इतका चांगला कवाच नव्हता. का मलाच दिसंना झालंय?"

फोन ठेवला आणि यादी उघडली. तपासणीपासून गेटपासकडे जाणारी ओळ त्यात नव्हती. कशी असेल? गुरुवारी प्रेस बंद. प्रेस बंद म्हणजे माल नाही, माल नाही म्हणजे नापास काही नाही, नापास नाही तर होल्ड कशाला निघेल? दोन्ही गुरुवारी जे बोलणं झालंच नाही ते मी कायमचं बंद करून टाकलं होतं. आणि ही पॉलिसी अशी की ती नाही म्हणत नाही, निरोप मधल्या मध्ये गुपचूप टाकून देते. पाठवणारा प्रोग्राम पाठवला असं लिहून मोकळा होतो, पोचला का ते विचारत नाही. माझे खोटे होल्ड पोचत होते, कारण टेस्टिंगच्या कंटेनरला मीच परवानगी देऊन ठेवली होती. मी कपाळावर हात मारला. हसू का रडू तेही कळेना.

मॅनेजरांना सांगितलं, तर ते म्हणाले, ओळ घाल, चौकशी उरकू दे, मग पुढच्या रिपोर्टात बघू. माझं डोकंच फिरलं. ओळ घातली, लॅपटॉप पिशवीत टाकला आणि स्कूटर काढली. चाकणच्या रस्त्याला ट्रेलरच्या रांगेत तासभर अडकले आणि मनातल्या मनात सगळ्यांना शिव्या घातल्या, सगळ्यात जास्त स्वतःला.

एचआरच्या खोलीत काका बसले होते. समोर त्यांचा माफीनामा. होल्ड आला असणार, माझ्या नजरेतून सुटला, असं लिहून खाली सही केलेली. नाकावर कोरा करकरीत जाड भिंगाचा चष्मा, तो सारखा घसरत होता आणि ते सारखा वर ढकलत होते. मी उभ्या उभ्या सांगून टाकलं, चूक माझी आहे, होल्ड यांच्यापर्यंत पोचतच नव्हता. दोनदा सांगावं लागलं. एचआरच्या साहेबांनी माफीनामा उचलून बाजूला ठेवला आणि काकांना म्हणाले, तुम्ही कामाला जा.

काका उठले नाहीत. त्यांनी चष्मा काढला आणि हातात धरून मला विचारलं, "म्हंजी मला दिसत व्हतं?"

मी हो म्हटलं.

"आठ दिस झालं," ते म्हणाले, "नातीला गाडीवर शाळंत सोडायचं बंद केलंय मी. म्हटलं, आपल्याला दिसत न्हाई, पोरीला कुठं आपटंल."