एका रात्रीची खोली

आमच्या साडूभाऊंनी आजवर जेवढी हॉटेलं आतून बघितली आहेत तेवढी हॉटेलं बांधणाऱ्या कंत्राटदारांनीही बघितली नसतील, आणि त्यांतल्या एकातही ते धड झोपलेले नाहीत. माणसं हॉटेलात झोपायला जातात, जेवायला जातात, काही जण भांडायलाही जातात. साडूभाऊ तपासायला जातात. तपासणी संपेपर्यंत बहुधा निघायची वेळ झालेली असते, आणि मग परतीच्या वाटेवर गाडीत त्यांना जी गाढ झोप लागते ती बघून वाटतं, की यांच्यासाठी खोली घेण्यापेक्षा गाडीच भाड्याने घ्यावी.

साडूभाऊ म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे, आमच्या ताईंचे यजमान. मूळचे सांगलीकडचे, पण ऐन तरुणपणी तारापूरच्या अणुवीज केंद्रात लागले आणि सगळी नोकरी तिथल्या कॉलनीत राहून केली. निवृत्तीनंतर बोईसरला फ्लॅट घेतला. मी पालघरला चष्म्याचं दुकान चालवतो. लोकांना जवळचं आणि लांबचं नीट दाखवणं हा माझा धंदा, पण साडूभाऊंना जे दिसतं ते मला कुठल्याच नंबराच्या भिंगातून दिसलेलं नाही. केंद्रात त्यांचं काम देखभालीचं, पंप आणि झडपा असल्या गोष्टींचं. तिथली शिस्त अशी, की यंत्र दुरुस्त झालं असं कुणी सांगितलं म्हणून सही करायची नाही. स्वतः जायचं, हात लावून बघायचं आणि मगच ‘हो’ म्हणायचं. दुसरी शिस्त अशी, की महत्त्वाच्या प्रत्येक यंत्राला एक जोडीदार तयार ठेवायचा, म्हणजे पहिलं रुसलं तर दुसरं चालू करता येतं. नोकरीत दोन्ही गोष्टी योग्यच असणार, त्याशिवाय का आम्ही सगळे इतकी वर्षं आजूबाजूला निर्धास्त घोरत पडलोय? पण निवृत्त होताना साडूभाऊंनी हेल्मेट, बूट, ओळखपत्र सगळं जमा केलं आणि ह्या दोन शिस्ती तेवढ्या घरी आणल्या.

त्यामुळे त्यांच्या घरात सगळं जोडीने नांदतं. गजराची घड्याळं दोन, विजेऱ्या दोन, छत्र्या दोन, आणि दारात चपला ठेवायच्या मांडण्यासुद्धा एकावर एक अशा दोन. पाहुण्याला चहा विचारतात तेव्हा आत कॉफीचंही आधण चढलेलं असतं. एकदा लग्नाला निघायचं म्हणून त्यांनी दोन रिक्षा सांगून ठेवल्या. एक न आली तर दुसरी असावी, एवढाच हेतू. पण त्या दिवशी बोईसरच्या रिक्षावाल्यांना काय सद्बुद्धी झाली कोण जाणे, दोघेही अगदी वेळेवर हजर झाले आणि फाटकाशी शिंगं रोखून उभे राहिले. “अंकल, जाना किसमें है, वो बोलो!” एकाने दरडावलं. साडूभाऊंनी क्षणभर विचार केला, ताईंना पहिल्या रिक्षात बसवलं, आहेराची पिशवी घेऊन स्वतः दुसरीत बसले, आणि एकाच लग्नाला हे जोडपं भांडण झाल्यासारखं वेगवेगळं उतरलं. मांडवात दिवसभर त्याचीच चर्चा होती. ताई आजही तो विषय निघाला की उठून स्वयंपाकघरात जातात.

पण त्यांची कला खरी फुलते ती मुक्कामाच्या खोलीत. आधी नळ. तो सोडून ठेवायचा आणि गरम पाणी येईपर्यंत टक लावून उभं राहायचं. मग उशीचा वास. मग बूट काढून, हात छातीवर घेऊन गादीवर डोळे मिटून निश्चल पडायचं. हे दृश्य अनोळखी माणसाने बघू नये. नाशिकच्या एका मॅनेजरने तर घाबरून त्यांच्या नाकाशी बोट नेलं होतं. मग भिंतीवर टकटक, पलीकडचा आवाज इकडे येतो का ते बघायला. एकदा पलीकडून “कौन है?” असा प्रश्न आला, तेव्हा साडूभाऊ समाधानाने म्हणाले, “येतो.” आणि शेवटी बाहेर पडायची दुसरी वाट. जिना कुठे आहे हे विचारून त्यांचं भागत नाही, तो उतरून बघावा लागतो. एका हॉटेलात असेच मागच्या जिन्याने उतरले ते थेट भटारखान्यात निघाले आणि बऱ्याच वेळाने पुढच्या दाराने परत आले. “वाट मोकळी आहे,” मला म्हणाले, “आणि भजी खाण्यासारखी आहेत.”

केळव्याला आम्ही सगळे एकदा हवापालटासाठी गेलो होतो. समुद्रापासून दोन पावलांवर एका बाईंच्या वाडीत दोन खोल्या मिळत होत्या. साडूभाऊंनी विहीर बघितली, मोटार चालू करून बघितली, कौलं खालून निरखली, खिडकीचे गज हलवून बघितले. बाई कमरेवर हात ठेवून सगळं शांतपणे बघत होत्या. अखेर म्हणाल्या, “काका, तुमाला एक रात र्‍हायचं हाय, का घर इकत घ्यायचं हाय?” आम्ही हसून हसून बेजार झालो. साडूभाऊ मात्र गंभीरपणे म्हणाले, “बघितल्याशिवाय हो म्हणायची मला सवय नाही.” बाईंनी त्या दिवशी आम्हाला सुरमई अशी काही खिलवली की खोलीत बसायला कुणाला सवडच झाली नाही.

अशा माणसाच्या हातात त्याच्या मुलीने एक रात्र दिली.

मुलगी म्हणजे मुग्धा, त्यांची एकुलती एक. लग्न होऊन ऑस्ट्रेलियात गेली. तिच्या बाळंतपणाला ताई जायच्या होत्या, पण नेमकं त्याच वेळी गुडघ्याच्या ऑपरेशनने त्यांना अंथरुणाला खिळवलं. म्हणून नात चालायला लागली तरी आजी-आजोबांनी तिला फोनच्या काचेपलीकडेच बघितलेली. ताई त्या काचेवरून बोट फिरवायच्या आणि मग फोनच बंद पडायचा. अशात जावयाला लंडनला नवी नोकरी लागली. तो पुढे गेला, सामान बोटीने गेलं, आणि मुग्धा नातीला घेऊन मागून निघणार होती. तिने विमान असं बघितलं की मुंबईत दुपारी उतरायचं आणि दुसऱ्या दिवशी पुढचं पकडायचं. मध्ये एक रात्र. तेवढ्यात बोईसरला येऊन परत जाणं म्हणजे लेकराचे हाल, म्हणून विमानतळाजवळ खोली घ्यायची आणि सगळ्यांनी तिथेच राहायचं असं ठरलं. “बाबा, हॉटेल तुम्हीच बघा,” ती म्हणाली, “तुमच्याइतकं नीट कुणाला जमणार नाही.” तिने हे प्रेमाने म्हटलं होतं, आणि साडूभाऊंनी ते नोकरीतला हुकूम यावा तसं घेतलं.

आमचा मे महिना मग विमानतळाच्या आसपासच्या गल्ल्यांत गेला. ‘आमचा’ म्हणतो, कारण गाडी माझी होती. फोनवर फोटो बघून खोली ठरवता येते हे मी त्यांना परोपरीने सांगितलं. “फोटोत नळ गळत नाही, साडूभाऊ,” ते मला म्हणाले. एक हॉटेल त्यांनी नाकारलं, कारण खिडकीखालीच वरात होती आणि बाराही महिने असते असं त्यांना वाटलं. दुसऱ्यात गालिचा होता, तिसऱ्यात त्या गालिच्याचा वास होता. एका फार झकपक हॉटेलात न्हाणीघर आणि झोपायची खोली यांच्यामध्ये भिंतीऐवजी काच होती. साडूभाऊ त्या काचेसमोर कितीतरी वेळ उभे होते. मग तिथल्या टायवाल्या मुलीला हळूच म्हणाले, “बाई, इथं सासरे-सुना पण येत असतील हो.” ती हसली, आणि तिला पडदा असतो हे सांगायला वेळ मिळायच्या आत आम्ही खाली आलो होतो.

उन्हाने आणि जिन्यांनी त्यांचे पाय सुजू लागले. रोज ताई गरम पाण्याची बादली त्यांच्यापुढे आदळायच्या आणि म्हणायच्या, “एका रात्रीसाठी चाललंय हे!” “एकच रात्र आहे म्हणूनच,” साडूभाऊ म्हणायचे. मला तेव्हा ते वाक्य विनोदी वाटलं होतं, आता वाटत नाही. कारण त्यांचं म्हणणं सरळ होतं. लेक आणि नात यांच्याबरोबर राहायला जन्मात एवढी एकच रात्र हाती आली आहे, ती गळक्या नळात आणि खालच्या गोंगाटात वाया जाऊ द्यायची नाही. इकडे मुग्धाचा फोन यायचा, “बाबा, ठरलं का?” आणि हे म्हणायचे, “अजून बघतोय, घाई करू नकोस.” तिने एजंटाकडे तिकीट नुसतं धरून ठेवलेलं; पक्कं करायला बाबांच्या ‘हो’ची वाट बघत होती. साडूभाऊंकडून न बघता ‘हो’ काढणं मात्र कुणाला जमलेलं नव्हतं.

आणि एके दिवशी ते निघालं. पार्ल्याच्या एका आडगल्लीत जुनं, दुमजली, ज्याच्याकडे मी मान वळवूनही बघितलं नसतं असं हॉटेल. खोलीत मोझाइकची थंडगार फरशी, खिडकीशी बदामाचं झाड, आणि मालक वयस्कर, स्वतः नातवंडवाले. लहान मूल आहे म्हटल्यावर त्यांनी आपणहून माळ्यावरचा लाकडी पाळणा काढून धुऊन ठेवतो असं सांगितलं. सकाळी मऊ भात करून देऊ म्हणाले. साडूभाऊंनी नळ सोडला, उशी हुंगली, गादीवर पडले. ते इतका वेळ उठेनात की मीच जवळ गेलो. डोळे मिटूनच म्हणाले, “साडूभाऊ, हो.” त्यांच्या तोंडून तो शब्द इतक्या सहज निघालेला मी पहिल्यांदाच ऐकला. जोडीदार म्हणून दुसरं हॉटेलही धरून ठेवायचं का, असं मी चेष्टेने विचारलं. “नको,” म्हणाले, “हेच.”

परतीच्या वाटेवर मनोर सोडलं तेव्हा ते चक्क गुणगुणत होते. मुग्धाला फोन करायचा, पण गाडीच्या आवाजात नको, नीट बसून करायचा, म्हणून मासवणला एका टपरीपाशी थांबलो. चहा सांगितला. ते चष्मा पुसून नंबर शोधत होते तेवढ्यात तिचाच फोन आला. मला ऐकू यावं म्हणून त्यांनी फोन बाकावर मध्ये ठेवला आणि आवाज मोठा केला. तोंड उघडणार, तोच ती भरभर बोलू लागली. “बाबा, आधी माझं ऐका. मी तिकीट बदललं. मुंबईत थांबतच नाही. सिंगापूरहून सरळ लंडनला जाते. आईने सांगितलं मला, तुमचे पाय केवढे सुजलेत ते. माझ्या एका रात्रीसाठी तुम्ही उन्हात वणवण करताय, मला रोज रडू येत होतं. आता हॉटेल नको, काही नको. तुम्ही घरी आराम करा. आपण पुढच्या वर्षी नीट सुट्टी काढून भेटू.”

मी साडूभाऊंकडे बघितलं. मी हातवारे करून सुचवत होतो, सांगा, सांगा तिला, मिळालंय म्हणून सांगा! त्यांनी हात वर करून मला थांबवलं. “पक्कं झालं का गं?” एवढंच विचारलं. “हो, पैसे भरून झालं, जुनं सोडून दिलं. सुटले बाई, आता डोक्याला घोर नाही,” ती म्हणाली, आणि तिचा आवाज खरोखरच हलका झालेला होता. मग जरा थांबून तिने विचारलं, “बाबा, एखादं आवडलं होतं का हो तुम्हाला?”

ज्या माणसाने आयुष्यात न बघितलेल्या गोष्टीला हो म्हटलं नाही, त्याने बघितलेल्या गोष्टीला नाही म्हटलं. “छे गं,” साडूभाऊ म्हणाले, “एकही धड नव्हतं. बरं झालं तू बदललंस. फार शहाणी आहेस.” पलीकडे नातीने फोन ओढला असावा, काहीतरी बडबड ऐकू आली, आणि तो बंद झाला.

टपरीवालीने येऊन ग्लासांकडे बघितलं. “काका, चाय थंड झाली, दुसरी देऊ का?” त्यांना ऐकूच गेलं नाही. मला राग आला होता, कुणाचा ते मला आजही सांगता येत नाही. मुग्धाचा येईना, ताईंचाही येईना. जो तो दुसऱ्याला त्रास होऊ नये म्हणून झटत होता आणि त्यात ती रात्र तेवढी गेली. मी म्हटलं, “अहो, सांगायचं तरी होतं तिला!” ते म्हणाले, “सांगून काय? विमानभर रडत गेली असती. आणि हे बघा, पायांचं आईने सांगितलं असं ती म्हणाली, ते घरी बोलू नका. हिला वाटेल, माझ्यामुळे झालं.” मी ते बोललेलो नाही. ताई मी लिहिलेलं काही वाचत नाहीत, म्हणून इथे लिहितोय.

मग त्यांनी पार्ल्याच्या मालकांना फोन लावला. मी करतो म्हटलं, पण फोन सोडेनात. मुलीचा बेत बदलला, खोली नको, असं सांगून झालं तरी त्यांनी ठेवला नाही. पलीकडचे गृहस्थ हॅलो, हॅलो म्हणत राहिले. रस्त्यावरून एक टेम्पो गेला, त्याचा आवाज विरेपर्यंत साडूभाऊ थांबले.

“खोली फार चांगली आहे हो तुमची,” ते म्हणाले. “कुणी लेकुरवाळी आली, आईबापांना भेटायला, तर तिला द्या.”