बाची पन्हळ आणि माझी गोटी

काल रस्त्यावर डांबर तापत होतं, आणि त्या वासानं मला एकदम बाभुळगावच्या घराची पन्हळ आठवली. साठच्या आसपासचं साल असेल. मी नऊ वर्षांची. घासलेटचे रिकामे पिपे कापून, ठोकून माझ्या बानं ती बनवली, सांध्यांना डांबर लावलं आणि छपराच्या कवेलूंच्या कडेखाली तारेनं बांधली. उतार बघायला पाणी ओतणं जिवावर येई, म्हणून त्यानं माझी काचेची गोटी घेतली. पण गोटी परसातल्या ड्रमकडे यायचीच नाही, रस्त्याकडे घरंगळायची.

"बा, तिकडं कायले? ड्रम त मांगं हाये!"

"ड्रम समोर आनू," बा म्हणाला. तेवढ्यात गोटी डांबराला चिकटून वरच राहिली.

आम्ही बौद्ध झालो होतो, तरी गावच्या विहिरीचा दोर आमच्या हाती येत नसे. कोणीतरी वरून ओतायचं, माय खाली घागर धरायची.

आषाढात ड्रम भरला. बाजारातून परतणारा एक अनोळखी गाडीवान दारात थांबला आणि पाण्यासाठी त्यानं सवयीनं ओंजळ पुढे केली.

"ओंजळ कायले, भाऊ? पेला घ्या," म्हणत बानं भरलेला पेला त्याच्या हातात दिला.

पाणी समोर कशाला, ते मला आज कळतं. तेव्हा मी ड्रममध्ये वाकून, गोटी वाहून आली का ते शोधत होते. बाचा चेहरा बघायचा राहूनच गेला.