उजवीकडे दोन सूत

फरशी बसवणाऱ्या माणसालाच जमिनीचा संशय यायला लागला, तर त्याने पाय ठेवायचा कुठे? गुण्या मिस्त्रीचं नेमकं हेच झालं होतं.

गुण्या हे काही त्याचं खरं नाव नव्हे. गवंडी काटकोन तपासायला जी लोखंडी पट्टी लावतात, तिला गुण्या म्हणतात. याने बसवलेल्या फरशीला गुण्या लावायची गरज नाही, हाच गुण्या आहे, असं एक ठेकेदार कधीतरी बोलून गेला आणि नाव चिकटलं ते चिकटलंच. पंचवीस वर्षं हा माणूस गुडघ्यांवर चालत होता. घरं लोकांची, गुडघे याचे. कामाला चोख, बोलायला फटकळ आणि स्वभावाने असा संशयी, की चहा अगोड लागला तर आधी दुकानदाराचं माप काढायचा, मग चमच्याचा आकार, आणि आपण ढवळलाच नाही हे त्याला सगळ्यात शेवटी सुचायचं.

एका सकाळी तो अंथरुणात उजव्या कुशीवर वळला आणि खोली फिरली. कपाट भिंत सोडून निघालं, बंद पंखा गरगरला, छत पायाशी आलं. त्याने गादीचा काठ दोन्ही हातांनी धरला. अर्ध्या मिनिटात सगळं आपापल्या जागी परतलं आणि तोंडाला पाणी सुटून मळमळलं. बायको शेजारीच होती. तिला हाक मारावी असं त्याच्या मनातही आलं नाही. ती मोरीत गेल्यावर मात्र त्याने कामाच्या पिशवीतून सपाटी तपासायची लेव्हल काढली आणि पलंगाच्या चारी कडांवर ठेवून पाहिली. काचेतला बुडबुडा मधोमध. मग जमिनीवर ठेवली. तिथे सापडलं. खिडकीकडे अर्धा सूत उतार होता. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, आणि त्याच्या अर्ध्याने कोणी पलंगासकट फिरत नाही, हे त्याला कळत होतं. पण हाती लागलेला चोर कोण सोडतो?

पुढचे काही दिवस त्याने एकेकावर आळ घेऊन पाहिला. चपला झिजल्यात. उशी उंच आहे. चहाची पावडर बदललीय. वरच्या मजल्यावरचा भाडेकरू भिंतीला यंत्र लावतो, त्याने घर हलतं. औषधाच्या दुकानदाराने "पित्त का?" म्हणून विचारलं, तर हा "हो" म्हणाला आणि गोळ्या घेऊन आला. चार गोळ्या झाल्यावर दुकानदारही यादीत गेला.

कुणाला सांगायची सोय नव्हती, हेही खरं. फरशीवाल्याला चक्कर येते म्हटल्यावर त्याच्या हाती कोण फरशी देणार? आणि वेळ अशी, की आठ मजल्यांच्या नव्या इमारतीत पहिल्या मजल्यावरचं एक घर त्याच्याकडे नमुना म्हणून दिलेलं. शनिवारी ठेकेदार येऊन पाहणार होता. पसंत पडलं तर सगळी इमारत याची, दोन वर्षं कामाची ददात नाही. नाही पडलं तर इमारत जाणार होती याच्याच मेहुण्याकडे. बायकोचा धाकटा भाऊ, तोही फरशीवालाच, हात बरा, जीभ त्याहून बरी.

बायको त्याच्याबरोबरच कामाला असायची. माल कालवायची, सांधे भरायची आणि नळीचं दुसरं टोक धरायची. खोलीच्या दोन भिंतींवर एकाच उंचीची खूण करायची असली, की पाणी भरलेली पारदर्शक नळी घेतात. एक टोक एकाच्या हातात, दुसरं दुसऱ्याच्या. पाणी दोन्हीकडे सारखं उभं राहतं. पण मधे कोपरा असला तर पलीकडचा माणूस दिसत नाही. तो "ठीक" म्हणाला की आपण पेन्सिल टेकवायची. या कामात एवढाच एक क्षण असा असतो, की दुसऱ्याच्या शब्दावर फरशी उभी राहते. संशयी मिस्त्रीने तो शब्द वीस वर्षं फक्त बायकोचा घेतला होता.

आणि आता नेमकं तिच्याच बाजूला बिनसायला लागलं. तिच्या खुणेपासून सुतळी ताणून हा फरश्या लावत जायचा. मान खाली घालून उजवीकडे वळला की उजवा कोपरा वर उचलल्यासारखा दिसायचा. मग हा रबरी हातोडीने तो कोपरा आणखी दाबायचा. लेव्हल लावून पाहायची सवय त्याने सोडली होती. वाकून त्या बुडबुड्याकडे बघायचं म्हटलं की बुडबुडाच पळायला लागायचा, आणि डोळा पंचवीस वर्षांचा आहे, हेही होतंच.

"नीट धरली होतीस ना नळी?" एकदा त्याने विचारलं.

"रोज धरते तशीच."

"बुडबुडा असेल आत."

"बोटाने टिचकी मारून काढलाय. तुम्हीच शिकवलंत ना."

नाचता येईना अंगण वाकडं, ही म्हण त्याला ठाऊक होती. लागू कुणाला होते, एवढंच त्याने पाहिलं नाही. त्याला दिसत होती ती बायको. सकाळी उठला की ती अगदी तोंडाजवळ येऊन उभी राहायची आणि काही न बोलता निघून जायची. खुंटीवरच्या शर्टाचे खिसे रोज उलटे सापडायचे. एकदा ती जिन्यात ठेकेदाराशी बोलत होती आणि हा दिसताच दोघंही गप्प झाली. हे सगळं त्याने गुण्या न लावता जोडून टाकलं. बहीण शेवटी भावाचीच. इमारत मेहुण्याला मिळावी म्हणून घरातूनच सुरुंग लागलाय. हा विचार आला त्या दिवशी त्याला जेवण गेलं नाही. चक्कर परवडली, पण हे नको, असं त्याला वाटलं. तरी पुरावा पाहिजेच म्हणून त्याने पाळत ठेवली.

शुक्रवारी दुपारी, "कटरची पाती घेऊन येतो," असं मोठ्याने सांगून तो निघाला आणि जिन्याचा कठडा धरून चार पायऱ्या उतरून पुन्हा वर आला. बायको आतल्या खोलीत गेली तेवढ्यात स्वयंपाकघराच्या दाराआड उभा राहिला.

बायकोने बाहेर येऊन घराचं दार लागलंय का पाहिलं. मग हॉलच्या उजव्या भिंतीशी गुडघे टेकले, आणि त्याने सकाळी लावलेली फरशी थापीच्या टोकाने उचकटून काढली.

दाराआड मिस्त्रीच्या कानशिलात घण पडायला लागले. ती खालचा माल खरवडत होती. नवा माल थापला, फरशी ठेवली, डाव्या तळव्याने दाबली, हातोडीने दोनदा ठोकली, लेव्हल ठेवून पाहिली. अगदी त्याच्याच पद्धतीने. हात चांगला आहे हिचा, असं रागातही त्याच्या मनात येऊन गेलं, आणि त्याचाच त्याला जास्त राग आला.

"भावाने सांगितलं का हे?" तो पुढे आला.

ती दचकली नाही. तिने कपाळावरचा घाम मनगटाने पुसला. "त्याचा काय संबंध? दोन सूत खाली होती उजवीकडे. रोजच असतात. अकरा झाल्या या खोलीत."

"माझ्या फरश्या? दोन सूत?"

"तुमच्या शुद्धीतल्या नव्हेत ना."

"म्हणजे काय?"

"मला किती वेडी समजता?" आता तिचा आवाज चढला. "सकाळी भिंत धरून मोरीकडे जाता. ओकाऱ्या काढता. कठडा सोडून जिना उतरत नाही. दीड महिना बघतेय. माझ्या मामाचं अस्संच सुरू झालं होतं. कुठे पिता आणि कोणाबरोबर, तेवढं कळलं नाही. खिसे पाहिले, पिशवी पाहिली. पांढऱ्या सिमेंटचा डबासुद्धा हुंगला मी."

दीड महिना ही दोघं एकमेकांच्या मागावर होती आणि दोघांनाही वाटत होतं, आपणच काय ते हुशार.

"आणि ठेकेदाराशी जिन्यात काय बोलत होतीस?"

"तो म्हणाला, मिस्त्री डुलत चालतो. मी म्हटलं, गुडघा दुखतोय. दुसरं काय सांगणार? माझा नवरा पितो म्हणून सांगू?"

तो खाली, कोऱ्या जमिनीवर बसला. मग म्हणाला, "अगं, मला चक्कर येते."

"मामालाही चक्करच यायची."

"खरं सांगतोय."

"तोही खरंच सांगायचा."

आयुष्यभर दुकानदाराच्या मापापासून देवमाणसापर्यंत कुणावर भरवसा न ठेवलेला हा गृहस्थ. खरं बोलून समोरच्याच्या डोळ्यांत अविश्वास वाचणं काय असतं, ते त्याला त्या दुपारी कळलं. लाज वाटली. भीतीही वाटली, कारण आता सिद्ध करायचा एकच मार्ग होता, आणि गेला दीड महिना तो त्यापासूनच पळत होता.

"इकडे ये," तो म्हणाला. "आणि बघ."

तो सुकलेल्या फरशीवर उताणा झाला. एक श्वास घेतला आणि मान उजवीकडे टाकली.

दोन क्षण काहीच झालं नाही. मग खोली सुटली. त्याने डोळे गच्च मिटले, बोटं सांध्यांत रुतवली.

"डोळे उघडा," तिचा आवाज आला. "उघडा म्हणते ना. मला बघू द्या."

त्याने उघडले. भिंती धावत होत्या आणि त्या सगळ्यात तिचा चेहरा पुन्हा पुन्हा निसटत होता.

"अहो," ती म्हणाली, आणि तिचा आवाज पार बदलला होता. "तुमची बुबुळं नाचतायत. आपली आपण. एका बाजूला झटके मारतायत."

हे त्याला ठाऊक नव्हतं. आपल्याला जग फिरताना दिसतं तेव्हा बाहेरून काय दिसतं, हे त्याला कोण सांगणार होतं? एकट्यानेच तर भोगलं होतं सगळं. तिने सिमेंटने खरबरीत झालेल्या दोन्ही तळव्यांत त्याचं डोकं घट्ट धरलं.

"फरशी हलतेय का गं?" त्याने विचारलं.

"नाही. जराही नाही. थांबतील आता, मी बघतेय."

थांबली. तो उठून बसला तेव्हा ती पदराने डोळे पुसत होती. गालाला सिमेंट लागलं होतं. "दारू नाही," ती म्हणाली. "काहीतरी आजार आहे नुसता." नवऱ्याच्या आजाराने एवढी सुखावलेली बाई मिस्त्रीने पाहिली नव्हती.

"उद्या सकाळी आधी डॉक्टर," ती म्हणाली. "ठेकेदार आला तर त्याला मी सांगते. खरं काय ते."

"काम जाईल."

"गेलं तर गेलं. मामा गेला, ते कामापायी नाही गेला."

त्याने हॉलभर नजर फिरवली. उजव्या भिंतीशी अजून एक अख्खी ओळ लावायची होती. मान खाली घातली की पुन्हा तेच होणार, हे त्याला कळत होतं. रबरी हातोडी त्याने उचलली, जरा वेळ हातात धरली आणि तिच्यापुढे ठेवली.

"उजवीकडच्या तू लाव," तो म्हणाला. "मी माल कालवतो."

"ठेकेदार बघेल ना."

"बघू दे."

पंचवीस वर्षांत त्याने घमेल्यात हात घातला नव्हता. सिमेंट घेतलं, वाळू घेतली, पाणी ओतलं आणि मान ताठ ठेवून, घमेल्याकडे न वाकता, फावड्याने कालवत राहिला. तिने थापीवर थोडा माल घेऊन पाहिला.

"पातळ झालाय," ती म्हणाली.

त्याने वाकून पाहिलंही नाही. दोन मुठी सिमेंट आणखी टाकलं.