चऱ्होली किंवा मोशी

सरोदे सर गेल्याचं त्यांच्या लेकीनं, अनघानं, फोनवर सांगितलं तेव्हा मी मोशीच्या बसमध्ये उभी होते. पुढच्या स्टॉपला उतरले आणि तिथल्याच बाकावर बसून रडले.

सर सरकारी भूवैज्ञानिक, मी त्यांची सहायक. नोकरी विहिरींच्या पाण्याची, पण सरांचा जीव जीवाश्मांत. दीडशे वर्षांपूर्वी त्यांच्यासारखाच एक सरकारी भूवैज्ञानिक इथल्या नदीकाठी फिरला होता. त्याला दगड झालेली हाडं सापडली, पण अहवालात गावाचं नावच लिहायचं राहिलं. ती जागा शोधत सरांनी वीस वर्षं इंद्रायणीचे काठ पालथे घातले. म्हणून त्यांचा नियम कडक : आधी चिठ्ठी, मग चहा. गाव, थर, खोली लिहून वस्तू कागदात गुंडाळल्याशिवाय पाण्याचा घोटही नाही. उन्हात मी मनातल्या मनात चिडायची.

चऱ्होलीला एका शेतकरी काकांनी बांधावरून हाक मारली, "सायेब, ह्ये बगा. दात हाय, पर दगडावानी जड!" बैलाच्या जातीतल्या कुठल्याशा जुन्या जनावराचा दात. त्याच आठवड्यात मोशीलाही अगदी तसाच मिळाला. ऑफिसात मी दोन्ही पुड्या एकदम सोडल्या, दात धुतले, आणि कुठली चिठ्ठी कुठल्या दाताची तेच कळेना. अंदाजानं ठेवून दिल्या. दोन दिवस अन्न गोड लागलं नाही, शेवटी सरांना सांगितलं.

"ठेवल्यास त्या बरोबर आहेत, याची खात्री आहे?"

"नाही, सर."

त्यांनी लिहून झालेल्या शोधनिबंधातून दोन्ही दात काढले. मग त्यात उरलंच काय... तो कधी छापला गेला नाही. पुन्हा खणायला गेलो तर दोन्हीकडे पत्रे ठोकून इमारतींची कामं सुरू झालेली. सर ओरडले असते तर बरं झालं असतं. ते फक्त म्हणाले, "चल, चहा घेऊ."

गेल्या आठवड्यात अनघानं घरी बोलावलं. सगळे नमुने एका कॉलेजला द्यायचे होते. टेबलाच्या खणात ते दोन दात एकाच कागदात होते. चिठ्ठी सरांच्या बारीक अक्षरात : 'चऱ्होली किंवा मोशी. नक्की माहीत नाही. उकलताना चिठ्ठ्यांची अदलाबदल झाली. चूक माझी.' खाली त्यांची सही.

जन्मभरात सरांनी चिठ्ठीवर लिहिलेलं हे एकच खोटं, आणि तेही माझ्यासाठी. अनघानं चहा आणून ठेवला.

"ताई, निवतोय," ती म्हणाली.

"आधी चिठ्ठी," मी म्हटलं. तिच्याकडून पेन घेतलं आणि सरांच्या सहीखाली लिहिलं, 'दुरुस्ती : चूक सरांची नाही, माझी.' तारीख घातली, माझी सही केली, आणि मग चहा घेतला.