भिंगरीचं पाणी

इब्राहीमभाई गेल्याचं मला एसटीच्या कंडक्टरनं सांगितलं. "मास्तरीणबाई, तुमचे ते पंपवाले मिस्त्री गेले बरं का. परवाच माती दिली," असं म्हणून तिकीट हातात ठेवून तो पुढं गेलासुद्धा. येरमाळा येईपर्यंत मी खिडकीला डोकं लावून बसले. खरं सांगू? मला कायम वाटायचं, मीच आधी जाणार. त्यात माझी सोय होती. मी आधी गेले असते तर एक गोष्ट माझ्याबरोबरच गेली असती, कुणी विचारायला आलं नसतं. आता तेच गेले, आणि मी मात्र धडधाकट मागं राहिले... म्हणून लिहायला बसले आहे. शाबासकीसाठी नाही, आधीच सांगते.

निजामाचं राज्य होतं, तिकडं महायुद्ध चालू होतं. लग्न होऊन मी कळंब तालुक्यातल्या एका वस्तीवर आले. वस्तीच्या वरच्या अंगाला साखरेचा छोटा कारखाना होता, माझे यजमान तिथं उसाच्या काट्यावर बसायचे. उसाचा रस आटून घट्ट झाला की तो एका जाळीदार लोखंडी पिंपात ओतायचा आणि दोन गड्यांनी चाक मारून पिंप गरागरा फिरवायचं. काळी मळी भोकांतून बाहेर उडायची, साखर आत चिकटून राहायची. या पिंपाला सगळे 'भिंगरी' म्हणत. भिंगरीचे मिस्त्री म्हणजे इब्राहीमभाई. उंच, किडकिडीत, बोलायला महाकंजूस.

कारखान्याचं धुवण सरळ ओढ्यात जायचं. चैतात विहीर आटली की वस्तीला ओढ्याच्या वाळूत खणलेल्या झिऱ्याशिवाय पाणी नव्हतं, आणि झिऱ्याला असा वास सुटायचा की जनावरंसुद्धा तोंड फिरवायची. आमची ठमाआक्का एक दिवस घागर भरून कारखान्यात गेली आणि मालकाच्या बैठकीवर, गादीवर, ओतून आली! "घ्या, तुमचं तुमी प्या!" म्हणाली. मालक नुसताच थयथयाट करत बसला. लाज वाटली ती इब्राहीमभाईंना. "घान आमी केली, तर निस्तरायची बी आमीच," एवढंच बोलले आणि कामाला लागले. एक जुनी भिंगरी अडगळीत पडली होती ती ओढ्याकाठी आणून बसवली. शेजारी दोन खड्डे खणले. पहिल्यात पाणी चुना टाकून निवळू द्यायचं, दुसऱ्यात वरचं वरचं घ्यायचं, आणि मग आतून जाड कापडाचे तीन पदर लावलेल्या भिंगरीत घालून फिरवायचं. कापडावर काळा लगदा थापला जायचा आणि भोकांतून पाणी यायचं ते... काय सांगू! आम्ही बायकांनी पदर तोंडाला लावले होते ते गळूनच पडले. एवढं नितळ पाणी त्या उन्हाळ्यात आम्ही पाहिलंच नव्हतं.

त्या दिवसांत आसपासच्या गावांत पटकी, म्हणजे कॉलरा, सुरू झाली होती. दवाखान्यातला कंपाउंडर येऊन पाणी उकळून प्या म्हणून बजावून गेला होता, आणि बायका कुरकुरत का होईना उकळत होत्या. पण जाळायचं काय? उसाची चिपाडं सगळी कारखान्याच्या भट्टीत जायची. काटक्यांसाठी दोन-दोन कोस हिंडावं लागायचं.

आता मुद्द्याची गोष्ट. पाण्यावर बायका असल्या की इब्राहीमभाई जवळ येत नसत. वीस पावलांवर पाठ फिरवून उभे राहत. काही सांगायचं असलं तर मला सांगत, कारण मी काट्यावरच्या माणसाची बायको आणि वस्तीतली एकटी लिहिता-वाचता येणारी. मग मी ते बायकांना सांगायची, अशी रीतच पडली होती. भिंगरीचं पाणी पहिल्यांदा भरलं त्या सकाळी त्यांनी मला बाजूला बोलावलं. खाली बघत म्हणाले, "वैनी, बायांना सांगा. पानी दिसाया साफ हाय, पन उकळल्याबिगर पिऊ नका. भिंगरी गाळ काढती, बीमारी न्हाय काढत."

"व्हय, सांगते," मी म्हणाले.

परत आले तर ठमाआक्का कमरेवर हात ठेवून उभी. "बये, आता तरी उकळायचा जाच सुटला का न्हाय?" वीस-पंचवीस तोंडं माझ्याकडं बघत होती, सरपणासाठी पायपीट करून करून थकलेली. मी ओंजळ भरून उन्हात धरली. तळहाताच्या रेषा दिसत होत्या. आणि मी, शिकलेली शहाणी, म्हणाले, "एवढं चांगलं पाणी उकळायचं कशाला गं?" बायका हसल्या. एकीनं माझी दृष्ट काढत कानशिलावर बोटं मोडली. मला फार बरं वाटलं... लाडकी झाले ना मी!

पाचव्या दिवशी ठमाआक्काची सून गेली. मग दोन म्हातारी माणसं. मग माझी शकू. दोन वर्षांची होती. सकाळी अंगणात बोळकी मांडून खेळत होती आणि दिवस मावळायच्या आत संपली. त्यावर मला जास्त लिहिता येणार नाही.

माणसं कारखान्यावर चालून गेली. दिवसच असे आले होते की नावावरून माणूस ओळखायला सुरुवात झाली होती. "मिस्त्रीनं पाण्यात काय कालवलं?" असं कुणीतरी म्हणायचा अवकाश, पहारींनी भिंगरीचा चुराडा झाला. इब्राहीमभाईंना ओढत वस्तीत आणलं. आमच्या दारासमोरच. "बोल, उकळून प्या म्हनून सांगितलं व्हतंस का?" त्यांनी मान वर केली. मी उंबऱ्यात बसले होते, मांडीवर शकूचं झबलं. त्यांच्या आयुष्यात तेवढं एकदाच त्यांनी माझ्याकडं सरळ बघितलं असेल. एक शब्द बोलले असते तर सुटले असते. "चुकलं माझं," म्हणाले. मी तिथंच होते, मला तोंड होतं, आणि मी गप्प बसले. त्यांना लोकांनी मारलं. मालकानं त्याच दिवशी बायकोपोरासकट हाकललं. माझे यजमान मरेपर्यंत मिस्त्रीला शिव्या देत राहिले, आणि मी त्या देऊ दिल्या.

पुढं त्यांनी येरमाळ्याला पंप दुरुस्तीचं दुकान टाकलं. मी मास्तरीण झाले, जाता-येता दुकान लागायचं. "वैनी, बरं हाय ना?" "बरं आहे." वर्षानुवर्षं एवढंच. एकदा मी धीर करून म्हणाले, "इब्राहीमभाई, त्या दिवशी..." त्यांनी हात पुसले आणि पोराला चहा आणायला पिटाळलं. मीही पुन्हा विषय काढला नाही. मला तेवढंच निमित्त पुरलं.

ते गेल्याचं कळल्यावर परवा मी त्यांच्या घरी भेटायला गेले. त्यांच्या सुनेनं, सलमानं, पाण्याचा पेला पुढं केला. पाणी कोमट होतं, धुराचा वास होता. मी पेल्याकडं बघत राहिले तसं ती ओशाळून म्हणाली, "निवलं न्हाय अजून. आमच्यात बारा महिने उकळूनच पितेत, अब्बांचा हुकूमच हाय तसा. का म्हनून विचारलं की म्हनायचे, एका बहिनीला मी येकदाच सांगितलं. दोनदा सांगाया पायजे व्हतं... तिचं लेकरू गेलं."

मी पेला खाली ठेवला. म्हणजे इतकी वर्षं त्या माणसानं चूक स्वतःचीच धरली होती, मनापासून! मला वाचवायला खोटं बोलले, असंच मी धरून चालले होते.

"सलमा," मी म्हणाले, "ती बहीण मी. त्यांनी एकदाच सांगितलं होतं, पण मला नीट ऐकू आलं होतं."