भाताच्या पाण्यावरची अक्षरं

आमचे हे इस्पितळातून परत आले आणि चपला न काढताच दारात उभे राहिले. हातात भावोजींचा चष्मा होता... मी तो घेऊन फळीवर ठेवला. भावोजी गेले, त्याला आता महिना उलटून गेला.

भावोजी म्हणजे माझे धाकटे दीर. लालबागच्या आमच्या चाळीत सगळे त्यांना पेंटर म्हणत. लग्न केलं नाही, आमच्यातच राहिले. दुकानांच्या पाट्या, सेलचे कापडी फलक, सगळं गॅलरीच्या टोकाला बसून रंगवायचे. माझं शिक्षण चौथीपर्यंतचं, पण मागे उभी राहून मी त्यांची अक्षरं बघत असे. बोलत मात्र नसे. त्यांनाही बोलण्याची फार गरज लागत नसे.

अडचण तेलरंगाची होती. ब्रश धुतलेलं टर्पेंटाईन चाळीच्या मोरीत जायचं. पाण्यावर तेलाचा तवंग धरायचा, घासलेल्या भांड्यांनाही वास यायचा. शेजारच्या काशीबाई ओरडायच्या, "पेंटर, आज आमटीला फोडणी तुमच्याच तेलाची हां!" शेवटी घरमालकाच्या माणसानं बजावलं, रंगकाम बंद करा, नाहीतर खोली सोडा. दुसरी जागा आम्ही कुठून आणणार? भावोजींनी ब्रश पुसून बाजूला ठेवले. मग म्हणाले, "वहिनी, बायका खोटं बोलत नाहीत. मलाच तो वास सोसत नाही आता."

त्यांनी तेलरंग सोडला, गेरू आणि डिंक घेतला. पण गेरू धाग्यात शिरायचा, धुऊन निघायचा नाही. चार दिवसांच्या सेलसाठी अख्खं मांजरपाट वाया जातं, हे त्यांना फार दिवस खुपत होतं. एकदा मी भात वेळून पाणी काढत होते आणि ते त्या पाण्याकडे बघत राहिले... त्या पाण्याची खळ त्यांनी कापडाला दिली, वाळवली, वर अक्षरं काढली. कापड धुतलं तेव्हा खळीबरोबर रंगही सुटून आला. असे हसले, की मलाही हसू आलं.

ते दिवस संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्च्यांचे. गिरणीतल्या पोरांना दुसऱ्या दिवशीच लांबलचक फलक हवा होता. आमच्या घरचं पाणी पुरेना, तेव्हा काशीबाईंनी आपण होऊन पातेलं आणून ठेवलं. भांडण आपल्या जागी, मोर्चा सगळ्यांचा. फलक झाला, पण सकाळपर्यंत वाळेचना. भावोजींनी बोट लावून चाटून बघितलं.

"काशीबाय, भातात मीठ घालता काय?"

"मग? अळणी भात तुम्ही येऊन खाणार?"

मीठ दमट हवेला धरून बसलं होतं. दुसरा करायला वेळ नव्हता, पोरं तसाच घेऊन गेली. वाऱ्यानं कापड अंगाला चिकटलं. परतली तेव्हा प्रत्येकाच्या सदऱ्यावर खळीसकट उतरलेली तांबडी, उलटी अक्षरं! काशीबाईंचा थोरलाही त्यात होता.

"मेल्यांनो, नवा सदरा माझ्या पोराचा! आता हा धुणार कोण, घरमालक?"

नळावर चाळ जमली. घरमालकाचा माणूसही आला होता. भावोजी खाली मान घालून उभे. मी पुढे झाले, सदरा घेतला आणि बादलीत बुचकळला. तांबडं पाणी मोरीतून वाहून गेलं. मागे तवंग नाही, वास नाही. सदरा पांढरा निघाला. काशीबाईंनी तो नाकाला लावला.

"भाताचाच वास येतोय," त्या म्हणाल्या, आणि त्या माणसाकडे वळल्या. "पेंटर हितेच बसणार. जा, सांग मालकाला."

भावोजी तिथेच बसले, शेवटपर्यंत. काही दुकानदारांनी तोंड वाकडं केलं, पावसात हे टिकायचं नाही म्हणाले. ते खरंच होतं. पावसाळ्यात भावोजी जुन्या लाकडी पाट्या खरवडून पुन्हा वापरण्याजोग्या करत. राज्य झालं तेव्हा चाळीवर लावलेला फलक कितव्यांदा धुतलेल्या कापडावरचा होता, कोण जाणे.

गेल्या आठवड्यात सेल संपल्यावर एका दुकानानं त्यांच्या हातचा शेवटचा फलक परत पाठवला. ह्यांना वाटलं, घडी घालून जपून ठेवावा. मलाही क्षणभर वाटलं... पण काशीबाईंच्या सुनेला सातवा लागलाय, आणि बाळाला पहिलं कापड धुऊन मऊ झालेलंच हवं. फलक भिजत घातला. अक्षरं हळूहळू सुटली, तोवर मी बसून होते. दुपारी कापड दोरीवर टाकलं. वाळलं की दुपटी शिवीन.